हिरव्या दिव्याखालचा अंधार

‘तांत्रिक कारणास्तव सेवा तात्पुरती बंद आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.’ या दोन वाक्यांइतका निर्ढावलेला मजकूर आज मराठी मुलखात दुसरा नसेल. बँकेच्या काउंटरवर तो आहे, सेतू केंद्राच्या काचेवर तो आहे, प्रवेशअर्जाच्या शेवटच्या दिवशी पोराच्या मोबाइलवर तोच आहे. हयातीच्या दाखल्यासाठी दोन बस बदलून आलेल्या म्हाताऱ्याला खिडकीमागचा कारकून ‘सर्व्हर डाऊन आहे बाबा, उद्या या’ म्हणतो. त्या कारकुनावर आमचा राग नाही. त्यालाही कोणी काही सांगितलेले नसते. आमचा राग आहे तो हे वाक्य वातानुकूलित खोलीत बसून लिहिणाऱ्यांवर. ‘तांत्रिक कारण’ नावाचे कोणतेही कारण जगात अस्तित्वात नाही. कारण नेहमी नेमके असते. ते सांगता येत नाही याचा अर्थ एवढाच, की ते पाहण्याची व्यवस्था तुम्ही केली नव्हती. आणि ती न करणे हा अपघात नव्हे. तो कोणाचा तरी निर्णय आहे, किंवा निर्णय घेण्याचा कोणाचा तरी कंटाळा आहे.

तुमचा मोबाइल आणि बँकेचा डेटाबेस यांच्या मधोमध जो राबतो त्याला ॲप्लिकेशन सर्व्हर म्हणतात. वेबस्फिअर, वेबलॉजिक, टॉमकॅट, जेबॉस ही त्यांची नावे. स्वतःच्या प्रकृतीची माहिती किती गोळा करायची, हे त्यांना माणसाने सांगावे लागते. वेबस्फिअरमध्ये त्यासाठी पाच पर्याय आहेत: नन, बेसिक, एक्स्टेंडेड, ऑल आणि कस्टम. वेबलॉजिकमध्ये ऑफ, लो, मीडियम, हाय. जावाच्या स्वतःच्या लॉगिंगमध्ये ‘सिव्हिअर’पासून ‘फायनेस्ट’पर्यंत सात पायऱ्या आहेत, सिसलॉगमध्ये आठ. म्हणजे साधनांची वानवा नाही आणि ती आजची नवलाईही नाही. आता कोणत्याही प्रकल्पाच्या बैठकीत जाऊन विचारा, प्रॉडक्शनवर, म्हणजे प्रत्यक्ष वापरातल्या सर्व्हरवर, लेव्हल काय ठेवली आहे? क्षणभर एकमेकांची तोंडे पाहिली जातील आणि मग उत्तर येईल: ‘डिफॉल्ट आहे.’

डिफॉल्ट! या शब्दाआड आमच्या माहिती तंत्रज्ञानाच्या निम्म्या कारभाराने आश्रय घेतला आहे. सातासमुद्रापलीकडच्या एका अभियंत्याने, ज्याला तुमची बँक ठाऊक नाही, तुमची महिनाअखेर ठाऊक नाही, दहावीच्या निकालाचा दिवस ठाऊक नाही, त्याने सर्वांना साधारण चालेल म्हणून एक आकडा ठेवला. आणि कोट्यवधींचे कंत्राट घेतलेल्या कंपनीने त्याला हात न लावता तो जसाच्या तसा तुमच्या गळ्यात बांधला. वेबस्फिअरच्या पाच पर्यायांपैकी ‘कस्टम’ हा एकच असा आहे, ज्यासाठी डोके चालवावे लागते. कोणती मोजणी आपल्याला हवी, कोणती नको, हे बसून ठरवावे लागते. तो पर्याय क्वचितच कोठे वापरलेला दिसतो, यात आश्चर्य ते काय?

त्याची फळे कशी असतात ते जरा जवळून पाहू. सकाळचे अकरा. टॉमकॅटची मुळातली मर्यादा एका वेळी २०० थ्रेडची. म्हणजे २०० माणसांचे काम एकदम हातात घेण्याची. समजा, डेटाबेसकडे जाणारी कनेक्शने मात्र दहाच ठेवली आहेत. एरवी ती पुरतात. मग कोणीतरी एक रिपोर्ट सुरू करतो, टेबलावर इंडेक्स, म्हणजे शोधसूची, नसते आणि अर्ध्या सेकंदाचे काम आठ सेकंदांवर जाते. दहा थ्रेड डेटाबेसच्या दारात, १९० रांगेत. शेवटच्या माणसाचा नंबर लागायला अडीच मिनिटे. तोवर त्याने तीनदा ‘रिफ्रेश’ दाबलेले असते आणि रांगेत त्याचीच तीन भुते उभी असतात. आता सपोर्टच्या खोलीतल्या भिंतीवरचा तो भलामोठा डॅशबोर्ड पाहा. सीपीयू १५ टक्के. मेमरी ठीक. डिस्क ठीक. सगळे दिवे हिरवे! असणारच. रांगेत उभे राहायला सीपीयू लागत नाही. कनेक्शनसाठी किती थ्रेड ताटकळले आहेत, हा आकडा वेबस्फिअर तर ‘बेसिक’ पातळीवरसुद्धा मोजतो. फुकट मोजतो. पण तो पडद्यावर आणावा, त्याला एक मर्यादा लावावी, ती ओलांडली की कोणाचा तरी फोन वाजावा, एवढे कष्ट कोणी घेतलेले नसतात. सीपीयू आणि मेमरी हे दोन आकडे दाखवले की मॉनिटरिंगचे बिल पास होते. मग तिसऱ्याची उठाठेव कोण करतो?

पुढचा प्रकार याहून संतापजनक. तक्रारींचा पाऊस सुरू झाला की वरून आदेश येतो, ‘सर्व्हर बाऊन्स करा.’ रिस्टार्ट होतो, रांग पुसली जाते, सेवा सुरू होते, सगळे एकमेकांना धन्यवादाचे मेल पाठवतात. आणि पुरावा? मेमरीतले सगळे आकडे गेले. कोणता थ्रेड कोठे अडकला होता हे सांगणारा थ्रेड डंप घ्यायला काही सेकंद लागतात. तो घेतलेला नसतो. पंचनामा न करता प्रेताला अग्नी द्यावा, तसला हा व्यवहार आहे. दोन दिवसांनी ‘आरसीए’ नावाचा कागद मागितला जातो, म्हणजे मूळ कारणाचा अहवाल. त्यात लिहिलेले असते, ‘अनपेक्षित लोडमुळे’. महिनाअखेर अनपेक्षित? अर्जाची अंतिम तारीख तुम्हीच जाहीर केली होती, ती अनपेक्षित? त्या कागदावर सही करणाऱ्याला लाज कशी वाटत नाही?

सरासरी ही याच टोळीतली दुसरी ठग. ‘आमचा सरासरी प्रतिसाद ०.४ सेकंद’ असे वार्षिक सादरीकरणात अभिमानाने झळकते. शंभर जणांपैकी नव्याण्णवांना ०.१ सेकंदात उत्तर मिळाले आणि एकाला तीस सेकंद लागले, तरी सरासरी ०.४च येते. तो एक कोण? ज्याच्या खात्यावर सर्वांत जास्त नोंदी आहेत तो, ज्याचे नेटवर्क गावाकडचे आहे तो, म्हणजे बहुधा ज्याला सेवेची गरज सर्वांत जास्त आहे तो. सरासरीच्या पोटात त्याला गडप करणे हे आम्ही गणित मानत नाही, फसवणूक मानतो. ९९.९वा पर्सेंटाइल मोजा आणि तो दाखवा. उपकरणे तो देतात. तुम्ही मागत नाही, कारण तो कुरूप दिसतो.

कोणी म्हणेल, मग सगळेच चालू ठेवू. ‘ऑल’ करून टाकू, लॉग ‘डीबग’वर टाकू. हे दुसऱ्या टोकाचे पाप, आणि ते पहिल्याइतकेच सर्रास घडते. कोणीतरी अडचण शोधायला रात्री डीबग चालू करतो, अडचण सुटते, तो घरी जातो, डीबग तसाच. सेकंदाला २०० विनंत्या, प्रत्येकीमागे आठ किलोबाइट लॉग धरला तर दिवसाला १३८ गिगाबाइट होतात. एका रात्री डिस्क भरते आणि सर्व्हर पडतो तो कोणत्या हल्ल्याने नव्हे, स्वतःच्याच बडबडीने. डिस्क पुरली तरी निभावले असे नाही. लाखो ओळींत जी एक ओळ हवी ती सापडत नाही. कानठळ्या बसवणाऱ्या गोंगाटात आणि बहिरेपणात फरक काय उरतो?

हे केवळ संगणकवाल्यांचे दुखणे नाही. वेल्समधील मिलफर्ड हेवनच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात २४ जुलै १९९४ रोजी स्फोट झाला. चौकशीत निघाले की, स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन कामगारांपुढे २७५ अलार्म वाजले होते. दोन माणसे, अकरा मिनिटे, २७५ घंटा! ज्याने त्या घंटा बसवल्या त्याने ‘आम्ही तर इशारा दिला होता’ असे म्हणायचे आणि जबाबदारी त्या दोघांवर ढकलायची. आमच्या पुण्यातल्या हिंजवडी-खराडीच्या रात्रपाळीत पोरे नेमकी याच खिंडीत सापडलेली असतात. मेलबॉक्समध्ये शेकडो अलर्ट, त्यातले बहुतेक रोजचेच, म्हणून एक ‘रूल’ लावून सगळे एका फोल्डरमध्ये लोटलेले. ते फोल्डर उघडायला कोणालाच वेळ नाही.

न उघडलेल्या मेलची किंमत काय असते? अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीने १ ऑगस्ट २०१२ रोजी ती मोजली. आठ सर्व्हरपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला होता. बाजार उघडण्यापूर्वी त्यांच्याच यंत्रणेने ९७ मेल धाडले होते, त्यांत या त्रुटीचा उल्लेख होता. कोणी वाचले नाहीत. ते मेल इशारा म्हणून रचलेलेच नव्हते आणि ते पाहायचे कोणी, हे ठरलेले नव्हते. बाजार उघडला आणि पंचेचाळीस मिनिटांत कंपनीचे ४६ कोटी डॉलर बुडाले. तिचे स्वतंत्र अस्तित्व त्यानंतर वर्षभरही टिकले नाही. माहिती गोळा झाली होती, साठवली गेली होती, पाठवलीही गेली होती. फक्त तिला वाचक नव्हता!

आणि इक्विफॅक्स? कोट्यवधी अमेरिकनांची पतमाहिती सांभाळणारी ही कंपनी. मार्च २०१७ मध्ये ‘अपाची स्ट्रट्स’ या जावाच्या चौकटीत भगदाड असल्याचे जाहीर झाले. कंपनीत मेल फिरला, स्कॅन झाला, स्कॅनला काही दिसले नाही. १३ मे रोजी चोर त्याच भगदाडातून तक्रार नोंदवण्याच्या पोर्टलमध्ये शिरले आणि ७६ दिवस आत राहिले. ४८ डेटाबेसांवर त्यांनी सुमारे ९,००० क्वेऱ्या चालवल्या. एवढी वर्दळ कोणाला दिसली कशी नाही? कारण एन्क्रिप्ट केलेली वाहतूक उघडून तपासणाऱ्या उपकरणाचे प्रमाणपत्र संपलेले होते. अमेरिकी संसदेच्या समितीच्या अहवालानुसार तब्बल १९ महिन्यांपूर्वी. उपकरण रॅकमध्ये होते. त्याचे पैसे भरलेले होते. ते चालू होते. वाहतूक त्याच्यातून जात होती आणि ते आंधळे होते. २९ जुलैला कोणीतरी नवे प्रमाणपत्र चढवले आणि संशयास्पद वाहतूक लगेच दिसली! आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ही म्हण आमच्या आज्यांनी जणू याच उपकरणासाठी करून ठेवली होती. १४.७ कोटी लोकांची माहिती गेली. मग कंपनीचे माजी मुख्य कार्यकारी अधिकारी संसदीय समितीपुढे काय म्हणाले? एका कर्मचाऱ्याने योग्य माणसाला पॅच लावायला कळवले नाही, असे. समितीच्या अहवालात नोंद आहे की संपलेली प्रमाणपत्रे किमान ३२४ होती. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्याची कला केवळ आपल्याकडेच आहे, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये.

आता माहिती गोळा करण्यातल्या तिसऱ्या पापाकडे वळू, कारण ते थेट तुमच्या-आमच्या खिशाला आणि अब्रूला भिडते. लॉगमध्ये काय लिहायचे नाही, हे कोण ठरवते? मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या ३३ कोटींहून अधिक वापरकर्त्यांना पासवर्ड बदलायचा सल्ला दिला, कारण ते झाकण्याआधीच, उघडेवाघडे, आतल्या लॉगमध्ये लिहिले जात होते. फेसबुकने मार्च २०१९ मध्ये तसलाच कबुलीजबाब दिला आणि २०२४ मध्ये आयर्लंडच्या नियामकाने त्याबद्दल ९.१ कोटी युरोंचा दंड ठोठावला. जगातले सर्वांत महागडे अभियंते पदरी असलेल्या कंपन्यांची ही कथा. मग सर्वांत स्वस्त बोली लावणाऱ्याला काम देणाऱ्या आपल्या व्यवस्थेत काय असेल? अख्खी विनंती लॉगमध्ये ओतणारी एक ओळ डेव्हलपर आपल्या सोयीसाठी लिहितो. त्या विनंतीत आधार क्रमांक असतो, मोबाइल असतो, ओटीपी असतो. मग तो लॉग तपासायला म्हणून तिसऱ्या कंपनीच्या चौथ्या कंत्राटदाराला मेलने जातो. डेटाबेसला सात कुलपे, आणि त्याच डेटाची साधी टेक्स्ट फाइल अंगणात!

लॉग ही निरुपद्रवी अडगळ आहे, असे ज्यांना अजून वाटते त्यांनी डिसेंबर २०२१ आठवावा. ‘लॉगफोरजे’ या जावा-जगात सर्वत्र पसरलेल्या लॉग-लायब्ररीत अशी फट निघाली, की हल्लेखोराने पाठवलेला विशिष्ट मजकूर नुसता लॉगमध्ये लिहिला गेला, तरी सर्व्हर त्याच्या ताब्यात जाई. गंभीरतेचा गुणांक दहापैकी दहा. आपल्या कोणत्या सर्व्हरवर ही लायब्ररी आहे, याची यादी किती जणांकडे तयार होती? हा प्रश्न तो आठवडा ज्यांनी रात्रंदिवस जागून काढला, त्यांनाच विचारावा.

आपल्याकडे कायदा नाही असे नाही. ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार सर्व यंत्रणांचे लॉग १८० दिवस ठेवायचे, घड्याळे एनआयसी किंवा राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवायची आणि सायबर घटना सहा तासांत कळवायची. उत्तम. पण हे सहा तास कधीपासून मोजायचे? घटना लक्षात आल्यापासून किंवा कोणी लक्षात आणून दिल्यापासून! म्हणजे ज्याने डोळेच उघडे ठेवले नाहीत, त्याचे घड्याळ दुसऱ्या कोणी सांगेपर्यंत सुरूच होत नाही. बेफिकिरीला याहून सुखाचे आसन कोणते? आणि १८० दिवसांच्या आदेशाचे पालन कसे होते? फाइली कोपऱ्यातल्या स्टोरेजवर ढकलायच्या आणि तक्त्यात ‘अनुपालन पूर्ण’ लिहायचे. त्या फाइलींत ‘डिफॉल्ट’ पातळीची जुजबी माहिती आहे, त्या कोणी उघडून पाहिलेल्या नाहीत, एका सर्व्हरची वेळ भारतीय आहे आणि शेजारच्याची यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, दोन्हींत साडेपाच तासांची दरी, ती जुळवायची कशी हे कोठेही लिहिलेले नाही. याला पुरावा म्हणत नाहीत, रद्दी म्हणतात. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात सुरक्षेच्या हयगयीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो आकडा वाचून तरी कोणी आपल्या लॉगची एक ओळ उघडून पाहिली काय?

या अंधारात एक उजेडाची तिरीप आहे, आणि श्रेय द्यायचे तेथे आम्ही हात आखडत नाही. शेअर बाजाराची नियामक असलेल्या मुंबईतल्या ‘सेबी’ने २०२२ मध्ये शेअर दलालांच्या ‘तांत्रिक बिघाडा’ची व्याख्याच करून टाकली: सलग पाच मिनिटे वा अधिक चाललेला बिघाड हा बिघाड, आणि तो, त्या वेळच्या नियमानुसार, तासाभरात एक्स्चेंजला कळवायचा. इतकेच नव्हे, निवडक मोठ्या दलालांच्या यंत्रणांचे मोजमाप थेट एक्स्चेंजकडे जावे, अशी सोयही करायला लावली. ज्याचे घर जळते आहे त्याच्याच तोंडून आगीची बातमी ऐकायची, हा प्रकार तिथे बराच आटोक्यात आला. शेअर घेणाऱ्याच्या पाच मिनिटांना ही किंमत आहे. मग रेशनच्या रांगेत अंगठा लावून उभ्या असलेल्या बाईच्या पाच तासांना का नाही? सात-बाराच्या उताऱ्यासाठी तालुक्याला हेलपाटे घालणाऱ्याला का नाही?

‘जास्त मॉनिटरिंगने सर्व्हरवर लोड येतो’ हा या मंडळींचा ठेवणीतला युक्तिवाद. अर्धसत्य आहे. ‘ऑल’ लावून प्रत्येक मेथडची ये-जा नोंदवली तर लोड येतोच. म्हणून तर पातळ्या केल्या आहेत, म्हणून तर सॅम्पलिंग आहे. गूगलने २०१० मध्ये आपल्या ‘डॅपर’ या यंत्रणेविषयी निबंध प्रसिद्ध केला; त्यांच्या पहिल्या आवृत्तीत सरासरी १,०२४ विनंत्यांपैकी एकीचा माग काढला जात होता आणि प्रचंड वर्दळीच्या सेवांसाठी तेवढ्यावरही भागत होते. रोज हलकी नजर, संशय आला की त्याच जागी तीव्र नजर, काम झाले की पुन्हा हलकी. ‘पण पातळी बदलायची तर रिस्टार्ट लागेल’ हेही खरे नाही. वेबस्फिअरची मोजणी चालत्या सर्व्हरवर बदलता येते, जेबॉसची लॉग-पातळीही. ज्याला हे ठाऊक नाही त्याने प्रॉडक्शनच्या सर्व्हरची चावी खिशात ठेवू नये. आणि गंमत अशी, की सर्व्हरवर नजर ठेवायला ज्यांचा जीव जातो, त्याच कंपन्या घरून काम करणाऱ्या पोरापोरींचा माऊस किती मिनिटे हलला नाही हे मोजणारी सॉफ्टवेअरे हौसेने विकत घेतात. तेथे मात्र पातळी ‘ऑल’!

रात्रपाळीच्या पोरांच्या माथी हे खापर फोडू नका, हे आम्ही बजावून सांगतो. त्यांना लेव्हल बदलायचा अधिकार नाही, थ्रेशोल्ड, म्हणजे अलर्ट वाजण्याची मर्यादा, ठरवायचा अधिकार नाही, चाळीस निरुपयोगी अलर्ट बंद करायचे तर तीन मंजुऱ्या लागतात. अधिकार वर आहेत आणि फोन खाली वाजतो. ज्याच्या सहीने पैसे निघतात त्याचा फोन पहाटे तीनला एकदा वाजू द्या. महिन्याच्या आत सगळे थ्रेशोल्ड जागच्या जागी येतील.

सरकारी निविदांचे कागद आम्ही पाहिले आहेत. सर्व्हर किती कोअरचा, रॅम किती, कार्यालयात बसायला माणसे किती, त्यांच्या पदव्या कोणत्या, याची पानेच्या पाने. मॉनिटरिंगला एक ओळ: ‘योग्य ती देखरेख यंत्रणा पुरवावी.’ योग्य म्हणजे काय? ठरवणार कोण? ठेकेदार! आमची मागणी सरळ आहे. कोणते आकडे कोणत्या पातळीवर, किती सेकंदांनी गोळा होणार, लॉगमध्ये कोणती माहिती येता कामा नये, कोणत्या मर्यादेला कोणत्या हुद्द्यावरच्या माणसाचा फोन वाजणार, आणि थ्रेड डंप न घेता रिस्टार्ट केल्यास बिलातून किती कापणार, हे कराराच्या परिशिष्टात लिहा. खात्याचा सचिव आणि कंपनीचा जबाबदार अधिकारी या दोघांची सही त्याखाली असू द्या. सेवा तासाभरापेक्षा जास्त बंद राहिली, तर ते परिशिष्ट आणि त्या तासाचे आकडे आठ दिवसांत संकेतस्थळावर टाका. जी खाती हे परिशिष्ट जोडणार नाहीत, त्यांच्या निविदा वित्त विभागाने परत पाठवाव्यात. आणि वित्त विभागाने पाठवल्या नाहीत, तर येत्या अधिवेशनात कोणत्या तरी आमदाराने उठून विचारावे, की गेल्या वेळी बंद पडलेल्या सर्व्हरची लेव्हल काय होती, ती कोणी ठेवली होती, आणि त्या माणसाचे नाव काय.